नऊ नंबरचा पिंजरा

१

बुधवारी सकाळी अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेतून पाच उंदीर पिंजऱ्यासकट नाहीसे झाले आणि तासाभरात मला फोन आला. मी तेव्हा कात्रपच्या घरी गुडघ्याला तेल चोळत बसले होते. एकतीस वर्षं औषध निरीक्षक म्हणून काढली, बनावट सिरपं पकडली, पण उंदीर गेल्याची तक्रार आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते.

"ओव्हाळ मॅडम, आत्ता येता का?" डॉ. शलाका पेडणेकर विचारत होती. "नऊ नंबरचा पिंजराच जागेवर नाही."

"मांजर शिरलं असेल."

ती हसली नाही. शलाका शिकत होती तेव्हापासून मी तिला ओळखते. ती चिडते, भांडते, घाबरत मात्र नाही. त्या सकाळी तिचा आवाज घाबरलेला होता, म्हणून मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि रिक्षा केली.

प्रयोगशाळा एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, एका बंद पडलेल्या कारखान्याला लागून होती. अकरा वाजले की तिथे घशाला लागणारा एक वास सुटतो आणि माणसं त्याच्याकडे लक्षही देत नाहीत. शलाका दारातच उभी होती.

तिचं काम तिने मला पूर्वी समजावलं होतं. मला समजलं तसं सांगते. थॅलेसेमिया झालेल्या माणसाचं स्वतःचं रक्त टिकत नाही, त्याला दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त द्यावं लागतं. त्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं, आधी लिव्हरमध्ये, मग हृदयात, आणि शेवटी हृदय बंद पाडतं. म्हणून ही माणसं आयुष्यभर लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्या खातात. शलाकाचं औषध म्हणजे आरएनएचा एक बारीकसा तुकडा. या रोगात 'आणखी लोह आत घ्या' असा एक निरोप शरीरात सारखा फिरत असतो. हा तुकडा त्या निरोपाला चिकटतो आणि तो वाचूच देत नाही. तोच रोग असलेल्या उंदरांना तिने आठ महिने या औषधाची इंजेक्शनं दिली होती, आणि शेवटचे आकडे फारच चांगले आले होते.

"परवा शुक्रवारी फाइल समितीकडे जाणार," शलाका म्हणाली. "परवानगी मिळाली की बारा पेशंटना औषध सुरू. आकडे इतके चांगले आहेत की तेवढे महिने त्यांच्या नेहमीच्या गोळ्या बंद ठेवायच्या, असं आम्ही लिहिलंय. म्हणजे आमच्या औषधाचा परिणाम स्वच्छ दिसेल."

"आणि आकडे खोटे निघाले तर?"

"तर बारा जणांच्या अंगात लोह साठत राहील आणि आम्ही शेजारी उभे राहून टाळ्या वाजवू." तिने आवाज खाली आणला. "पिंजरा आज गेला, मॅडम. पण गेले तीन महिने त्या खोलीत कुणीतरी काहीतरी करतंय. उंदीर मधेच मलूल होतात, पाणी पीत नाहीत. माझ्याकडे पुरावा नाही. एवढंच माहीत आहे की बाहेरचं कुणी आत येऊच शकत नाही."

२

उंदरांच्या खोलीचं दार कार्डाशिवाय उघडत नाही आणि कार्डं पाच जणांकडे होती. एक शलाका. दुसरा तिच्या हाताखालचा संशोधक यज्ञेश भोईर. इंजेक्शनं तो द्यायचा. तिसरे आनंदा, जांभूळ गावचे, पन्नाशी उलटलेले; पिंजरे घासायचे, खालचं भाताचं तूस बदलायचे. चौथी किर्ती मखिजा, उल्हासनगरची, चौतीस वर्षांची. नोंदी ठेवायची आणि रोज सकाळी उंदरांचं पाणी भरायची. पाचवे मालक, जयदेव मोहिते.

किर्तीला पाहून मला आधी ती शाळेतली मुलगी वाटली. उंची जेमतेम, गालांची हाडं वर आलेली, अंगावर राखाडी काळसरपणा.

"मीपण पेशंटच आहे, मॅडम," ती हसून म्हणाली. "थॅलेसेमिया मेजर. इथे नोकरीपण करते आणि औषधाची वाटपण बघते. टू इन वन." बोलताना तिने खुर्चीची पाठ धरून ठेवली होती. जिना चढून आल्यामुळे दम लागलाय, म्हणाली. जिना बारा पायऱ्यांचा होता.

खोलीत चोवीस पिंजऱ्यांची जागा आणि तेवीस पिंजरे होते, प्रत्येकावर पाण्याची एक उलटी बाटली. यज्ञेशने मला हळूच सांगितलं, "किर्ती प्रत्येक बाटलीला हात जोडते. झुलेलाल, सिंधी लोकांचा पाण्याचा देव. रोजचे चोवीस नमस्कार. तेवढा वेळ आम्ही कुणी आत जात नाही, तिला ऑकवर्ड होतं."

"हसू दे त्याला," किर्ती म्हणाली. "पाण्यावरच तर सगळं चालतं ना, मॅडम."

माझी जुनी खोड अशी की कुठल्याही कारखान्यात गेले की आधी कचरा बघायचा. कागद लोक नीट करून ठेवतात, कचऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मागच्या खोलीत पिवळ्या पिशव्या गुरुवारच्या गाडीची वाट बघत पडल्या होत्या. हातमोजे चढवून मी एकेक उघडायला घेतली, तर यज्ञेशने नाक दाबलं आणि आनंदा माझ्याकडे कौतुकाने बघू लागले.

तिसऱ्या पिशवीत, तुसाच्या तळाशी, पाच लहान पुरचुंड्या होत्या. स्वच्छ पांढऱ्या गॉजमध्ये गुंडाळलेले पाच मेलेले उंदीर. प्रत्येक वेगळा, नीट घड्या घालून, डोकं झाकून. नऊ नंबरचा पिंजराही लगेच सापडला. तो धुऊन, नंबराची चिकटपट्टी खरवडून, रिकाम्या पिंजऱ्यांच्या थप्पीत ठेवला होता.

मारणारा माणूस मेलेल्याचं डोकं झाकत बसत नाही. मग मी पिशवीतलं तूस उजेडात धरलं. त्यावर जागोजाग तांबूस लाल डाग होते.

"रक्त," यज्ञेश मागून म्हणाला.

३

उंदीर मारायच्या विषाने आतल्या आत रक्तस्राव होतो. ते यज्ञेशलाही ठाऊक होतं आणि मलाही. पण रक्तावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फेस येतो. मी अर्धी बाटली ओतली. तूस भिजलं आणि तसंच पडून राहिलं.

रक्त नव्हतं. मग मी सगळे पिंजरे खाली उतरवायला लावले. दुपार झाली, माझा गुडघा बोंबलायला लागला, पण काम झालं. आणखी अकरा पिंजऱ्यांच्या तुसावर तेच डाग होते, काही ठिकाणी अगदी फिके. उरलेल्या बारांत एकही नाही.

"आनंदा, हे कधीपासून?"

"तीन महिनं झालं आसतील, बाय. मी ह्या यज्ञेश सायबांना सांगितलेला. ते बोलले, औषधाचा रंग आसंल."

यज्ञेश मोबाईलमध्ये बघत होता.

"औषधाला रंग नाही," शलाका म्हणाली. "आणि पहिले पाच महिने एकही डाग नव्हता."

चोवीसपैकी बारा पिंजऱ्यांना खरं औषध मिळत होतं आणि बारांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे काम करणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर हात नकळत पक्षपात करतो. म्हणून आठ महिन्यांपूर्वी चिठ्ठ्या काढून यादी केली, सगळ्या शिश्यांवर त्याच दिवशी पिंजऱ्यांचे नंबर लावून त्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि यादी लाखेचं सील लावून कपाटात. पाकीट शुक्रवारी सगळ्यांसमोर उघडायचं होतं.

"यादी कुणी केली?"

"किर्तीने. साक्षीला जयदेव सर होते. मी आणि यज्ञेश मुद्दाम बाहेर थांबलो."

"पाकीट आण आणि उघड."

"आज?"

"शुक्रवारी उघडून काय मिळणार आहे तुला?"

तिने पाकीट आणलं. लाख शाबूत होती, कडा शाबूत होत्या. आयुष्यभर मी बनावट सिलं बघत आले. या पाकिटाला कुणी हात लावला नव्हता. शलाकाने ते फाडलं आणि औषधाच्या पिंजऱ्यांचे नंबर वाचू लागली. मी माझ्या वहीतल्या डागांच्या नंबरांवर खुणा करत गेले.

दोन. तीन. सात. नऊ. बाराच्या बारा नंबर जुळले, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही.

४

"आकडे बघून अंदाज बांधता आला असता का कुणाला?" मी विचारलं.

"आता येईल. पण डाग सुरू झाले तेव्हा नाही," शलाका म्हणाली. "पाच महिन्यांनी पहिली तपासणी झाली, तेव्हा सगळे पिंजरे सारखेच दिसत होते. मी केबिनमध्ये बसून रडले होते. जयदेव सर म्हणाले होते, असंच चालणार असेल तर प्रोजेक्ट बंद करू. त्यानंतर एकदम आकडे उतरायला लागले."

म्हणजे तेव्हा यादी दोनच माणसांच्या डोक्यात होती. मी आधी मोठ्याकडे गेले.

जयदेव मोहिते फाटकाजवळ गाडीतच बसून होते. शलाका माझ्यासोबत आली, तर तिचा ॲप्रन बघूनच त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि चार शिंका दिल्या. उंदरांच्या केसांची त्यांना ॲलर्जी आहे. एकदा वर गेले होते आणि श्वास अडकून दोन दिवस दवाखान्यात राहिले, हे शलाकानेच सांगितलं. कार्ड नावापुरतं.

"पाच उंदीर मेले," ते रुमालाआडून म्हणाले. "जनावरं मरतात. फाइल शुक्रवारी जाणार."

"डागांचं काय?"

"कसले डाग? गुरुवारी कचऱ्याची गाडी येते ना?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, तुम्ही रिटायर झालात ना? मग आराम करा. ह्या वयात नसत्या ठिकाणी हात घातला की इन्फेक्शन होतं."

धमकी इतक्या आपुलकीने दिलेली मी फार दिवसांनी ऐकली. पण जो माणूस त्या खोलीत श्वास घेऊ शकत नाही, तो तिथे रोज काही करू शकत नाही. फार तर कुणाकडून करवून घेईल.

यज्ञेशला मी कँटीनमध्ये गाठलं. तो चहा ढवळत राहिला.

"मला दिसत होतं," शेवटी तो म्हणाला. "आकडे एकदम एवढे चांगले होत नसतात. औषध स्लो आहे, आम्हाला माहीत होतं. पण मला जर्मनीला जायचंय, या पेपरवर. मी विचारलंच नाही कुणाला. उंदरांना मी हात लावला नाही, आई शप्पथ."

"हात न लावण्याचाच गुन्हा आहे तुझा," मी म्हटलं. त्याने मान खाली घातली.

निघताना आनंदांनी मला धुण्याच्या मोरीपाशी बोलावलं. तळाशी पांढरा गाळ बसलेल्या पाण्याच्या काही बाटल्या त्यांनी न धुता बाजूला ठेवल्या होत्या.

"बाय, ह्यो तलाचा पांढरा गाल बघ. सायेब बोलतात, तुमचे जांभलाचा पानी खराब. आता तूच सांग. पानी खराब आसंल तं चोवीस बाटल्यांत गाल बसंल ना? बारांतच कसा बसतो? आमचे जांभलाचे पान्याला उगाच नाव."

एमआयडीसीला पाणी जांभूळहून येतं, आणि गावाच्या पाण्याची ही बदनामी त्यांना तीन महिने सलत होती. मी बाटली उलटी करून थेंब जिभेवर घेतला. औषध निरीक्षकाने अनोळखी द्रव चाखू नये, हा नियम मी स्वतः पोरांना शिकवलाय. थेंब कडू होता, आणि गाळ होता गोळीच्या पिठाचा.

पाणी किर्ती भरत होती. पण या औषधाची सगळ्यात जास्त वाट बघणारी बाई त्याच औषधाच्या उंदरांना विष कशाला घालेल? मोहित्यांनी तिला कशात अडकवून हे करायला लावलंय का? तिला विचारायला मी वर गेले, तर तिची खुर्ची रिकामी होती.

"लवकर गेली," शलाका म्हणाली. "उद्याही नाही येणार. उद्या तिचा रक्ताचा दिवस आहे."

५

गुरुवारी सकाळी मी उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये मखिजांचं घर शोधून काढलं. खाली जीन्सचं शिलाई युनिट, वर एक खोली आणि स्वयंपाकघर. किर्ती आधीच सेंटरला गेली होती. तिच्या आईने, लाजवंतीने, मी कोण हे विचारायच्या आधी माझ्यापुढे पापड आणि पाणी ठेवलं. सिंधी घरात पाहुणा पापडाशिवाय बसत नाही.

भिंतीवर हार घातलेला एका मुलाचा फोटो होता.

"सनी," लाजवंती म्हणाली. "किर्तीचा छोटा भाई. सतरा सालचा होता. हृदयात लोहा जमा झाला. सकाळी उठलाच नाही." फोटोची काच तिने पदराने पुसली. "पण किर्ती आता एकदम बरी आहे. तुमच्या लॅबची कृपा."

"बरी आहे?"

"तर काय. तुम्हाला सांगू का, ती लोह्याची गोळी खाते ना, तर बाथरूममध्ये सगळं लाल लाल होतं. लोहा बाहेर निघतो ना, त्याचा रंग. पंधरा साल मी ॲसिड टाकून घासते, हात बघा माझे. पण आता तीन महिने झाले, एकदम सफेद. लोहा संपला असणार. झुलेलालने ऐकलं माझं."

मी पापड खाली ठेवला. ती गोळी मी नोकरीत शेकडो वेळा तपासली होती. वजन, लेबल, तारीख, सगळं. खाणाऱ्याच्या बाथरूममध्ये ती काय करते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. लोह निघत असेल तर लाल. लाल नसेल तर लोह निघत नाहीये.

"दिवसाला किती गोळ्या असतात तिला?"

"सहा. डबीत घालून लॅबमध्ये नेते, तिथेच घेते. एकपण चुकवत नाही. रोज डबी खाली करून आणते, मी स्वतः बघते."

बारा बाटल्या. प्रत्येकीत अर्धी गोळी. मी उठले, आणि लाजवंतीचे ते सोललेले हात हातात घेतले.

"चाय तरी घ्या," ती म्हणाली.

६

सेंटरमध्ये आठ खाटा होत्या आणि आठही भरलेल्या. किर्ती खिडकीजवळ होती, वर लाल पिशवी, हातात नळी. मला बघून तिने स्टूल पुढे सरकवलं.

"आईने पापड दिला?"

"दिला. आणि बाथरूमचंपण सांगितलं."

तिने नजर पिशवीतून पडणाऱ्या थेंबांकडे वळवली.

"तुझ्या सहा गोळ्या," मी म्हटलं. "बारा बाटल्या, अर्धी अर्धी. पाण्याला हात जोडताना कुणी बघत नाही, म्हणून ती वेळ. यादी तूच केली होतीस, म्हणून पाकीट उघडायची गरज नव्हती. उंदरांचं लोह तुझ्या गोळीने उतरलं, शलाकाच्या औषधाने नाही. तूस लाल झालं आणि तुझं बाथरूम पांढरं."

"गरज लागली म्हणून केलं, मॅडम." ती हळू बोलत होती. "शलाका मॅडम रडत होत्या त्या दिवशी. सर प्रोजेक्ट बंद करणार होते. औषध चांगलंच आहे, फक्त स्लो आहे. मला वाटलं, थोडा धक्का दिला की गाडी सुरू होईल."

"दुकानातून वेगळ्या गोळ्या घेतल्या असत्यास."

"चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. सेंटरमधून मोजून मिळतात. माझ्याच होत्या फक्त." ती हसली. "आणि मी चौतीस वर्षं जगले. सनी सतरा. माझं डबल झालं ना."

मी चिडले. एवढी चिडले की शेजारच्या खाटेवरची पोरगी दचकून बघायला लागली. "आणि नऊ नंबर?"

"ह्या गोळीने कुणाकुणाच्या पांढऱ्या पेशी उतरतात, मग साधं इन्फेक्शनही जीव घेतं. आमचं रक्त तपासतात त्यासाठी. उंदरांचं कोण तपासणार? काल सकाळी आले तर पाचही गेलेले." तिचे डोळे भरले. "औषधाच्या नावावर लागलं असतं ते मरण. म्हणून लपवले. पण तसंच कचऱ्यात टाकवेना मला. माझ्यामुळेच गेले ना."

मग तिने नळी नसलेल्या हाताने माझं मनगट धरलं. हात गार होता.

"कुणाला नका सांगू. उद्या फाइल जाऊ दे. एकदा पेशंटना औषध सुरू झालं की सगळं ठीक होईल."

"फाइल टाइप कुणी केली?"

"मीच."

"गोळ्या बंद ठेवायच्या, हे वाक्य तू टाइप केलंस. कुणाच्या आकड्यांवर?"

शेजारच्या खाटेवरची पोरगी आता उठून बसली होती. ऋतिका नाव, एकोणीस वर्षांची, कॉलेजची बॅग पायाशी.

"किर्तीदीदी, उद्या फायनल ना?" ती म्हणाली. "माझं नाव आहे ना बारांत? मी तर आईला आत्ताच सांगितलं, त्या कडू गोळ्यांना बाय बाय."

किर्तीने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तीन महिने ती उंदीर मोजत होती, गोळ्या मोजत होती. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ती माणसं गोळ्या सोडणार आहेत, हे तिच्या हातून टाइप होऊनही तिच्या मनात शिरलं नव्हतं. आता शिरलं, आणि तिच्या तोंडावरचा उरलासुरला रंग गेला.

"मॅडम," ती म्हणाली, "माझ्या छातीत कसंतरी होतंय."

मी सिस्टरला हाक मारली.

७

शुक्रवारी अकरा वाजता खालच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. फाइल टेबलावर होती. किर्ती येणार नाही असं मी धरून चाललं होतं, पण ती आली, आनंदांच्या हाताला धरून. आदल्या दिवशी तिच्या हृदयाचे ठोके चुकले होते आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं.

"मला बोलू द्या," ती म्हणाली, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. गोळ्या, बाटल्या, नऊ नंबर. काही लपवलं नाही, कुणावर ढकललं नाही. यज्ञेश भिंतीकडे बघत होता. आनंदा गळ्यातल्या पंच्याने डोळे पुसत होते.

ती बसल्यावर जयदेव मोहित्यांनी घसा साफ केला.

"हे या खोलीत पाच-सहा जणांना माहीत आहे. या खोलीतच राहील. पेशंटवर लक्ष ठेवू आपण. काही वाटलं तर गोळ्या परत सुरू करू."

शलाकाची आठ वर्षं त्या फाइलमध्ये होती. लग्न, बाहेरच्या नोकऱ्या, काय काय तिने त्यापायी सोडलं ते मी बघितलंय. तिने एकदा म्हणावं की ठीक आहे, आणि मी काय केलं असतं, याचा मी रात्रभर विचार केला होता. तक्रार केली असती. पण तिचं तोंड आयुष्यात पुन्हा बघितलं नसतं.

शलाकाने फाइल ओढली, पहिल्या पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'प्रयोगात बाहेरचं औषध मिसळल्यामुळे मागे घेत आहोत.' सही केली.

मोहिते रुमाल खिशात कोंबत उठले. "मग प्रोजेक्टही संपला असं समजा."

"एक मिनिट, सर," यज्ञेश म्हणाला. त्याच्यासमोर पाच महिन्यांपर्यंतचे जुने कागद होते, आणि फाडलेल्या पाकिटातली यादी. त्या तपासणीच्या वेळी यादी बंद होती, म्हणून ते आकडे गटांत लावून कुणी पाहिलेच नव्हते. तो बोट ठेवून एकेक पिंजरा वाचत होता. मग त्याने कागद शलाकाकडे सरकवला.

"फरक बारीक आहे," तो म्हणाला. "पण बाराही पिंजऱ्यांत लोह उतरलंय. एकही सुटला नाही. हे गोळ्यांच्या आधीचं आहे."

शलाकाने कागद दोनदा वाचला. औषध काम करत होतं. हळू, पण आपलं आपण करत होतं. मोहिते पुन्हा बसले.

"म्हणजे," किर्ती म्हणाली, "मी काहीच केलं नसतं तरी?"

आनंदांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तिने पर्समधून डबी काढली आणि आमच्यासमोर एक अख्खी गोळी घेतली.

"नवीन उंदीर आणून पुन्हा पहिल्यापासून करायचं," तिने विचारलं, "तर किती लागतील?"

"दोन वर्षं," शलाका म्हणाली, आणि तिच्याकडे न बघता कागद गोळा करू लागली.

किर्तीच्या हृदयाचा स्कॅन पुढच्या आठवड्यात आला. लोह पोचलं होतं. डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला पोटावर लावायचा, लोह काढणारं औषध सोडणारा पंप दिला. उतरेल, म्हणाले, पण किती वेळ मिळेल ते सांगता येत नाही. आईला यातलं काही कळू देऊ नका, अशी शपथ किर्तीने मला घातली.

दहाव्या दिवशी सकाळी लाजवंतीचा फोन आला. ती रडत होती.

"मॅडम, गडबड झाली. बाथरूम परत लाल झालं. सगळं पहिल्यासारखं. बीमारी परत आली ना?"

मी खुर्चीत बसले.

"घासा," मी म्हटलं. "रोज घासा. ज्या दिवशी पांढरं दिसेल, त्या दिवशी मला फोन करा."

त्याला आता चार महिने झाले. फोन वाजला की मी आधी नाव बघते. तिचा अजून आलेला नाही.